फौजदारी न्यायव्यवस्थेतील स्त्रिया : कायद्याची अपेक्षा आणि मनुष्यबळाचे गणित

एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने साहाय्यक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या खून खटल्याचा निकाल दिला. त्यांच्याच खात्यातील वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यास जन्मठेपेची शिक्षा झाली. खून झाला तो ११ एप्रिल २०१६ रोजी. निकाल लागेपर्यंत नऊ वर्षे गेली आणि मृतदेह तर कधीच मिळाला नाही. अश्विनी मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या. सांगली, मग आपली रत्नागिरी आणि शेवटी नवी मुंबई असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. त्यामुळे हा खटला दूरच्या महानगरातील एक वार्ता म्हणून वाचणे निदान आपल्या भागातील वाचकांना शक्य नव्हते.

या प्रकरणातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. अश्विनी बेपत्ता होऊन नऊ महिने उलटल्यावर, २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी, कुरुंदकर यास राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले. अटक झाली ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात. जी स्त्री इतरांच्या तक्रारी नोंदवून घेत होती, तिच्याविषयीची तक्रार तिच्याच खात्यात इतकी मंद गतीने सरकली. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, या गुन्ह्याचा तपास ज्या अधिकाऱ्यांनी केला त्या साहाय्यक पोलीस आयुक्त संगीता अल्फान्सो याही एक स्त्रीच होत. एका महिला अधिकाऱ्याचा बळी, आरोपी तिचा वरिष्ठ आणि त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करणारी दुसरी महिला अधिकारी. फौजदारी न्यायव्यवस्थेत स्त्रीला किती परस्परविरोधी भूमिका पार पाडाव्या लागतात याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मात्र असा टोकाचा प्रसंग पाहून मूळ प्रश्न समजत नाही. तो समजण्यासाठी एखाद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील रोजची नोंदवही पाहावी लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, २००१ साली तर ११३६. कर्ता पुरुष मुंबईला चाकरमानी आणि घर, शेत, म्हातारी माणसे, मुलांच्या शाळा व कोर्टकचेऱ्या या सर्वांचा भार घरातील बाईवर, ही कोकणची जुनी रीत. येथील स्त्री व्यवहारात कच्ची आहे असे कोणी म्हणू धजणार नाही. तरीही ती तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढते तेव्हा समोरच्या टेबलाशी बहुधा पुरुषच बसलेला असतो. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली देशातील पहिले महिला धोरण जाहीर केले आणि शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. तीन दशके लोटली, पण पोलीस दलाने तो आकडा अद्याप गाठलेला नाही. देशभरातील पोलिसांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे आठवा हिस्सा इतकेच भरते. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालानुसार वीस लाखांवरच्या या दलात पोलीस अधीक्षक व त्यावरील श्रेणींत एक हजारसुद्धा महिला नाहीत. महिला पोलिसांपैकी दहात नऊ जणी शिपाई व हवालदार याच पायऱ्यांवर आहेत.

कायद्याला स्त्रिया कशासाठी हव्या आहेत, हे येथे आठवले पाहिजे. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघांनाही निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा तरतुदी एकामागून एक येत गेल्या. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, अपवादात्मक परिस्थितीत करावीच लागली तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन ती करावी. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवावी. स्त्री साक्षीदाराला ठाण्यात न बोलावता तिच्या राहत्या घरी जाऊन विचारपूस करावी. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षकाहून कमी दर्जा नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता घ्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या दिशेच्या तरतुदी कायम आहेत.

या सर्व तरतुदी योग्य आहेत आणि मोठ्या संघर्षातून आलेल्या आहेत, याविषयी दुमत नसावे. परंतु प्रत्येक तरतुदीत ‘महिला अधिकारी’ हे दोन शब्द लिहिताना ती महिला कोठून येणार हे मात्र कोणी लिहिले नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा आपला जिल्हा दक्षिणोत्तर सुमारे १८० किलोमीटर पसरला आहे. मधे खाड्या, घाट आणि पावसाळ्यात खचणारे रस्ते. समजा, आतल्या एखाद्या गावातून रात्री अकराला अल्पवयीन मुलीच्या छळाची वर्दी आली. ठाण्यात महिला उपनिरीक्षक एकच, तीही दिवसभर न्यायालयात साक्षीसाठी बसून नुकतीच घरी परतलेली. तिला बोलावले जाते. फिर्याद, मुलीला घेऊन रुग्णालय, वैद्यकीय तपासणी, तेथे डॉक्टरांची वाट पाहणे, नमुने मोहोरबंद करणे, घटनास्थळाचा पंचनामा, दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर मुलीचा जबाब. एवढे होईपर्यंत छत्तीस तास सहज उलटतात. त्याच दिवशी कोण्या मंत्र्यांचा दौरा असेल तर बंदोबस्ताच्या यादीत महिला अंमलदार म्हणून तिचेच नाव असते. स्त्री आरोपीला कारागृहात पोहोचवणे, हरवलेली मुलगी मुंबईहून परत आणणे, सासूसुनेच्या तंट्यात समुपदेशन करणे, ही कामेही तिच्याच माथी येतात. स्त्रियांची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेला नियम राबवताना दुसरी एक स्त्री अशी दमून जाते.

यातून आणखी एक सूक्ष्म अन्याय घडतो. महिला अधिकाऱ्याकडे वर्षानुवर्षे ‘बायकांची’ प्रकरणे येत राहतात. दामिनी पथक, निर्भया पथक, महिला कक्ष अशा नेमणुका तिच्या वाट्याला येतात आणि खून, दरोडा, आर्थिक फसवणूक, अमली पदार्थ या तपासांचा अनुभव तिला मिळत नाही. पुढे बढतीच्या वा ठाण्याच्या प्रमुखपदाच्या वेळी तोच अनुभव विचारला जातो. खात्यात ‘गुन्हे शाखा’ ही मानाची नेमणूक. मुंबईच्या गुन्हे शाखेचे प्रमुखपद एका स्त्रीकडे, म्हणजे मीरा चढ्ढा-बोरवणकर यांच्याकडे, आले ते २००४ साली. त्यापूर्वी त्यांनी १९९४ चे जळगावचे गाजलेले प्रकरण हाताळले होते. पुढे त्या राज्याच्या कारागृह विभागाच्या प्रमुख असताना २०१२ मध्ये येरवड्यात अजमल कसाबची आणि २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमनची फाशी अमलात आली. स्त्रीला हे काम झेपेल का, ही चर्चा तेव्हा तरी थांबायला हवी होती. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. शिखरावर पोहोचलेल्या या स्त्रियांचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. पण अहवालातील आकडे पाहिले की शिखर आणि पायथा यांमधला डोंगर अजून ओसाडच दिसतो.

कामाच्या तासांबाबत थोडी सुधारणा झाली. महिला पोलिसांची ड्यूटी बाराऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश सप्टेंबर २०२१ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर निघाला. नागपूर व अमरावती शहरांत आणि पुणे ग्रामीणमध्ये तो आधी वापरून पाहिला होता. २०१८ पासून शासकीय महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळू लागली. आदेश चांगले आहेत. मात्र आठ तासांनंतर सोडायचे तर जागेवर दुसरी कोणी तरी यायला हवी आणि रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे रिकाम्या जागांचा तक्ता असतो. शिमगा आणि गणेशोत्सव या दोन्ही वेळी आपल्या जिल्ह्यात रजा मागणे म्हणजे खडकावर डोके आपटण्यासारखेच. बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृह नसते, म्हणून पहाटेपासून पाणी न पिण्याची सवय अनेकींनी लावून घेतली आहे. हा विषय सभ्य संभाषणात येत नाही, म्हणूनच तो सुटत नाही. न्यायालयांच्या आवारातही स्थिती फारशी वेगळी नाही. सर्व न्यायालयांत स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहे असावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये द्यावा लागला!

बंदोबस्ताचाच विषय निघाला आहे तर बारसूची आठवण काढली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले. मोठा फौजफाटा आला. भर उन्हात गावच्या स्त्रिया पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांना उचलून बाजूला करण्यास अर्थातच महिला पोलीस पुढे करण्यात आल्या, कारण कायद्याची आणि वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांची तीच अपेक्षा. प्रकल्प हवा की नको हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या स्त्रीला उचलायचे तिची भाषा, तिचे लुगडे, तिची शिवी आणि तिचे रडणे हे सारे आपल्याच आजीसारखे असेल तर त्या विशीतल्या शिपाई मुलीच्या मनाचे काय होत असेल? प्रकल्प आणण्याचा निर्णय तिने घेतलेला नाही आणि नाकारण्याचा अधिकारही तिला नाही. लोकांच्या संतापाला चेहरा मात्र तिचा मिळतो.

स्त्री आली म्हणजे करुणा आपोआप आली, असे मानणेही भाबडेपणाचे होईल. २३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदिनीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. वाद न्याहारीतील काही अंडी व पाव कमी भरल्याचा होता, असे त्या वेळी समोर आले. खुनाचा गुन्हा दाखल झाला तो सहा महिला कर्मचाऱ्यांवर. बंद भिंतींआड, अपुऱ्या मनुष्यबळावर, धाकाने चालणाऱ्या संस्थेत माणूस कसा घडतो वा बिघडतो हा प्रश्न स्त्री-पुरुष भेदाच्या पलीकडचा आहे. न्यायासनाच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील एका महिला न्यायमूर्तींनी कपड्यांवरून केलेला स्पर्श बाल लैंगिक संरक्षण कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही असा अर्थ लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. निर्णय चुकीचा होता याविषयी आम्हांला शंका नाही. तथापि, पुरुष न्यायाधीशांचे चुकलेले निर्णय त्यांच्या नावावर जमा होतात आणि स्त्रीचा चुकलेला निर्णय मात्र सगळ्या स्त्रीजातीच्या खात्यावर लिहिला जातो, हेही तेव्हा दिसून आले.

न्यायाधीशपदी येणाऱ्या स्त्रियांची संख्या खालच्या न्यायालयांत उत्साहवर्धक आहे. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार जिल्हा न्यायव्यवस्थेत त्या ३८ टक्के आहेत, उच्च न्यायालयांत मात्र १४ टक्केच. परीक्षेने जेथे प्रवेश मिळतो तेथे मुली पुढे आहेत. जेथे निवड होते तेथे त्या मागे पडतात. एवढ्यावरून काय ते समजावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील दोन महिला न्यायाधीशांची बडतर्फी रद्द केली. त्यांतील एकीने ज्या काळात कमी खटले निकाली काढले असा ठपका होता, त्या काळात तिचा गर्भपात झाला होता. संख्या वाढल्याचे समाधान पुरेसे नाही, काम करण्याजोगे वातावरणही हवे, असा त्या निकालाचा आशय होता.

वकिलीच्या क्षेत्रात तर महाराष्ट्राचा आणि ख्रिस्ती समाजाचा जुना संबंध आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकचा, वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी ही पहिली स्त्री. परंतु परीक्षा दिली तरी पदवी नाही, कारण विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हते. पदवी हाती यायला तीस वर्षे लागली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ साली झाला. तोवर त्यांची उमेद कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत, पडद्यातील स्त्रियांच्या मालमत्ता सांभाळण्यात खर्च झाली. त्यांनी तेथे शेकडो स्त्रियांना आधार दिला हे खरे, पण त्यांना खरे तर न्यायालयात उभे राहायचे होते.

आज रत्नागिरीच्या न्यायालयात काळा कोट घातलेल्या मुली पुष्कळ दिसतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. जामिनाच्या अर्जासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडून, परक्या शहरात उतरण्याची सोय शोधणारी तरुण वकील आता आंबा घाट ओलांडून संध्याकाळी घरी परतू शकते. लहान मूल असलेल्या स्त्रीच्या व्यवसायात एवढा फरकसुद्धा निर्णायक ठरतो. फौजदारी काम मात्र अजूनही तिच्याकडे आपसूक येत नाही. पोटगी, घटस्फोट, वारसाहक्क यांसाठी अशील तिच्याकडे येतात. खुनाच्या आरोपीचे नातेवाईक ‘जरा वजनदार वकील’ शोधतात, आणि वजन म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक असते. एखाद्या ज्येष्ठाने गैरवर्तन केलेच तर दाद कोठे मागावी हाही पेच आहे. वकील आणि वकील परिषद यांच्यात मालक-नोकर असे नाते नाही, म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तेथे लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे बरोबर असेलही. कनिष्ठ महिला वकिलाच्या हाती मात्र त्यामुळे फारसे काही राहत नाही.

या साखळीतील एक कडी आपण नेहमी विसरतो. ती म्हणजे शासकीय रुग्णालयातील डॉक्टर. अटक केलेल्या माणसाची तपासणी, शवविच्छेदन, अत्याचारग्रस्त स्त्रीची तपासणी, हे सारे तिच्या सहीने न्यायालयात पुरावा होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील फलटण येथील उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. तळहातावर लिहिलेल्या मजकुरात तिने एका पोलीस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आरोप केला होता. आरोपींच्या तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रांसाठी आपल्यावर दबाव येतो, अशी तक्रार तिने त्यापूर्वीच वरिष्ठांकडे केली होती, असेही वृत्तांतून पुढे आले. आरोपांचा निर्णय न्यायालय देईल, त्याविषयी येथे भाष्य करणे योग्य नव्हे. परंतु तक्रार केल्यानंतर तिला त्याच रुग्णालयात, त्याच पोलीस ठाण्याशी रोज संबंध ठेवत काम करावे लागत होते, ही गोष्ट पुरेशी अस्वस्थ करणारी आहे. अश्विनी बिद्रे यांच्या प्रकरणातील मंदगती आणि ही गोष्ट एकमेकींपासून फार दूर नाहीत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी असे २०१३ चा कायदा सांगतो. समितीवर बाहेरची एक सदस्य असावी असेही सांगतो. जिल्ह्यातील ठाणी, न्यायालये, कारागृहे आणि रुग्णालये यांतील किती महिलांना आपल्या समितीच्या अध्यक्षांचे नाव ठाऊक आहे, एवढा एकच प्रश्न संबंधितांनी प्रामाणिकपणे विचारून पाहावा.

आपल्या धर्मग्रामांतही या व्यवसायांत असलेल्या भगिनी आहेत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आपण आत बसतो तेव्हा फाटकापाशी काठी घेऊन उभी असलेली मुलगी दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामातली, घरी तान्हे बाळ ठेवून आलेली असू शकते. पवित्र शुक्रवारी ती दिसली नाही म्हणून ‘हल्ली चर्चला येत नाही’ अशी चर्चा पायऱ्यांवर होते. विवाह ठरवताना ‘पोलिसातली मुलगी नको, वेळेचा भरवसा नाही’ असे सुशिक्षित घरांतही म्हटले जाते. पोलीस मुलगा असेल तर हाच वेळेचा प्रश्न कोणास सुचत नाही. धर्मग्रामाच्या महिला मंडळाने संध्याकाळी दोन तास मुले सांभाळण्याची व्यवस्था केली, किंवा कायद्याचे शिक्षण घेतलेल्या एखाद्या धर्मभगिनीने अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून काम करण्याची तयारी दाखवली, तर त्यास शासकीय आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे पंधरा हजार पोलीस पदांच्या भरतीस मान्यता दिली. भरतीची चाहूल लागली की आपल्या जिल्ह्यातील मैदानांवर पहाटे पाच वाजता मुली धावताना दिसतात. आठशे मीटर, शंभर मीटर आणि मग गोळाफेक. बरोबर बहुधा आई असते, हातात पाण्याची बाटली आणि मोबाइलवर वेळ मोजण्याचे घड्याळ. त्या आईला विचारले तर शारीरिक चाचणीचे गुण ती धडाधड सांगते. मुलगी निवडली गेल्यावर पहिली नेमणूक कोठे होईल, राहायला खोली मिळेल का, आणि काही बरे-वाईट घडले तर वरच्या कोणास सांगायचे, हे मात्र ती आपल्यालाच उलट विचारते.